दोन दिवसांत दीडशे वर्षांची अमेरिकन परंपरा

अमेरिकन लोककलेच्या धंद्यात उतरायचे ठरवलेच असेल, तर सर्वप्रथम कला डोक्यातून काढून टाका. या बाजारात गिऱ्हाईक पैसे मोजते ते झिजेचे. वाऱ्याची दिशा दाखवायला छपरावर बसवायचा तांब्याचा नवाकोरा कोंबडा, म्हणजे वातकुक्कुट, दुकानात धूळ खात पडतो. तोच हिरवा पडलेला, शेपटीला पोचा आलेला आणि पोटात गोळीचे भोक असलेला निघाला, की लोक त्याच्यासमोर आवाज उतरवून बोलू लागतात. २००६ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात मूळ अमेरिकन टोळीप्रमुखाच्या आकाराचे एक वातदर्शक ५८ लाख डॉलरला गेले. वारा कुठून वाहतो हे याहून स्वस्तात कळू शकते, पण असले बोलून तुम्ही स्वतःच्याच पोटावर पाय आणाल.

पहिले काम पाठांतराचे. ‘कुणा अनामिक खेडुताने हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीपाशी बसून घडवलेला’ हे वाक्य झोपेतही म्हणता आले पाहिजे. वस्तुस्थिती मात्र स्वतःपाशीच ठेवा. ती अशी, की मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात ॲल्विन ज्युएल नावाचा गृहस्थ वातकुक्कुटांचा कारखाना चालवत होता. १८६७ मध्ये एक वातकुक्कुट बसवतानाच तो वरून पडून मेला, आणि लिओनार्ड कुशिंग व स्टिलमन व्हाइट या दोघांनी त्याचे साचे लिलावात उचलले. आधी लाकडी नमुना कोरायचा, त्यावरून बिडाचा साचा ओतायचा, साच्यात तांब्याचा पत्रा ठोकून डावी-उजवी अशा दोन बाजू काढायच्या, डाख देऊन जोडायच्या आणि वरून सोन्याचा वर्ख. शर्यतीच्या घोड्यांचे आकार करियर अँड आइव्ह्ज कंपनीच्या छापील चित्रांवरून घेतलेले. ती चित्रे गठ्ठ्यांनी छापून स्वस्तात विकली जात. न्यूयॉर्कची जे. डब्ल्यू. फिस्क कंपनी तर कोंबडा, गाय, घोडा असा सगळा माल कॅटलॉगमध्ये नंबर टाकून विके. थोडक्यात, कारखान्यातून एका साच्याचे जे घोडे एकामागून एक निघत होते, ते तुम्हाला आता एकेक करून, हाताने, रात्री जागून बनवायचे आहेत. मग खरा लोककलाकार कोण, असा प्रश्न मनात आलाच तर पाणी पिऊन झोपा.

आता कोंबडा. १६ औंसाच्या पत्र्याचा घ्या. म्हणजे जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आधी ॲसिटोनने अंगभर पुसा आणि त्यानंतर हातमोजे न घालता शिवू नका. बोटांचे तेल राहील तिथे रंग धरत नाही, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पक्ष्याच्या मानेवर तुमच्या अंगठ्याचा ठसा उमटतो. नवशिके इथून थेट हिरव्याकडे धावतात, तिथेच फसतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा नव्या पातेल्यासारखा तांबूस होता. तो आधी तपकिरी झाला, मग काळपट, मग हिरवा, आणि या प्रवासाला त्याला जवळपास वीस वर्षे लागली. तुमच्याकडे शनिवार आणि रविवार आहे. म्हणून शनिवारी सकाळी सोनार वापरतात ते गंधकाचे द्रावण, लिव्हर ऑफ सल्फर, कोमट पाण्यात कालवून कोंबडा काळा करून घ्या, धुवा, वाळवा. दुपारी झाकणाचे प्लॅस्टिकचे पिंप घ्या, तळाशी दोन कप घरगुती अमोनिया ओता (बिनसुवासाचा, बिनफेसाचा; लिंबाच्या वासाचा ऐतिहासिक कोंबडा अजून कुणाला सापडलेला नाही), कोंबड्यावर दाट मिठाचे पाणी फवारा, द्रवाला टेकणार नाही असा टांगा आणि झाकण घट्ट लावा. हे सगळे उघड्यावर करा. त्याच पिंपात कधीकाळी ब्लीच ठेवले असेल तर दुसरे पिंप आणा. दोन्हींचा विषारी वायू होतो आणि कोंबड्याआधी तुम्हीच इतिहासजमा व्हाल.

रविवारी झाकण उघडाल तेव्हा रंग मोरपिशी निळा दिसेल आणि तुम्हाला फार आनंद होईल. आनंद आवरा. हा थर खडूसारखा असतो, नखाने पूड होऊन पडतो. त्यामुळे दोन-तीनदा हलके पाणी मारून पुन्हा टांगावे लागते, आणि शेवटी मेण चोळावे लागते. मेण जास्त झाले की कोंबडा चमकतो. छपरावर मेण चोळायला कोण जात होते, याचे उत्तर तयार ठेवा. डाखाच्या सांध्यावर हिरवे मुळीच चढत नाही. तिथे रंगाची कांडी फिरवावी लागते, आणि नेमकी तीच कांडी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वेगळी दिसते.

सोनेरी वर्ख विसरू नका. मूळ गिऱ्हाइकाने कोंबडा घेतला होता तो उन्हात लखलखावा म्हणून. आज त्याच कोंबड्याचा वर्ख उडालेला असला की भाव चढतो. पण पूर्ण उडालेला नको. पावसापासून आडोसा मिळतो त्या जागी, म्हणजे पोटाखाली आणि पिसांच्या खोबणीत, तो थोडा शिल्लक दिसला पाहिजे. पाठीवर शिल्लक आणि पोटाखाली साफ, असा कोंबडा छपरावर उलटा टांगलेला होता असे समजले जाईल.

दांड्यावरची नळी हा तर खरा परीक्षेचा प्रश्न. लोक पिसे झिजवतात, तुरा वाकवतात आणि दांड्यावर फिरणारी ती नळी कोरी ठेवतात. मग असे सिद्ध होते की पक्षी दीडशे वर्षे वादळात उभा राहिला आणि एकदाही वळला नाही. नळी आतून एका बाजूला घासलेली, किंचित लांबोडी झालेली हवी. गोळ्यांच्या भोकांचेही तेच. वाड्यावस्त्यांवरची पोरे जमिनीवरून नेम धरत, त्यामुळे गोळी खालून वर जाते. शिरते तिथे भोकाच्या कडा आत वळतात, निघते तिथे बाहेर, आणि निघायचे भोक वरच्या अंगाला असते. ड्रिलने सरळ आरपार भोक पाडलेत, तर नेमबाज पोरगा छपराच्या उंचीवर हवेत तरंगत होता असा निष्कर्ष निघतो. आधी भोक, मग अमोनिया, हा क्रमही पाळा. हिरव्या अंगावर लालबुंद कडांचे भोक म्हणजे मागच्या आठवड्यातली शिकार.

एवढी मेहनत नको असेल तर लाकडाकडे वळा. एखादे पाइनचे कपाट घ्या, त्याला चुना आणि दुधातल्या केसिनचा मिल्क पेंट द्या. खाली तपकिरी, वर निळा किंवा विटकरी, आणि वरच्या थराआधी कडांना मेणबत्ती घासा म्हणजे वरचा रंग तिथे धरत नाही. भेगा हव्या असतील तर दोन थरांमध्ये सरस लावा आणि तो चिकट असतानाच वरचा हात द्या. काम सोपे आहे. चुकते ते झीज कुठे द्यायची यात. हौशी माणूस सगळ्या कडा सारख्याच इमानदारीने घासतो. खऱ्या घरात माणसे खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर पाय टेकवतात, मागच्यावर टेकवत नाहीत. खणाच्या तळपट्ट्या झिजतात, कपाटाची पाठ झिजत नाही. आतून रंग तर अजिबात फासू नका. जुने सुतार न दिसणाऱ्या जागी एक थेंबही वाया घालवत नसत. खणाच्या तळाला चहाचा रंग दिसला की अनुभवी गिऱ्हाईक नुसते हसते आणि शेजारच्या दुकानात जाते.

किड्यांची भोके ड्रिलने पाडू नका, तार घातली की ती सरळ जाते. किड्याची वाट वाकडी असते. यावर हुशार लोकांनी उपाय काढला: जुन्या कोठारांच्या फळ्या विकत घ्यायच्या, म्हणजे किडा आतच मिळतो. पण ती फळी रंधली की आतल्या लांबट वाटा पृष्ठभागावर उघड्या पन्हळीसारख्या दिसू लागतात, आणि कुठलाही किडा उघड्यावर बसून पन्हळ खोदत नाही. गोल टेबल करणार असाल तर कंपासने काढलेले वर्तुळ तसेच ठेवू नका. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीत नाही. तीन फुटांच्या जुन्या टेबलात पाव ते अर्धा इंचाचा फरक पडतो. अगदी गोल टेबल म्हणजे अगदी नवे टेबल. खिळे चौकोनी हवेत, आणि ते मिळतात; ट्रिमाँट नेल कंपनी १८१९ पासून ते बनवते आहे. स्क्रूचे मात्र जपून. १८४० च्या दशकापर्यंत लाकडाच्या स्क्रूला टोकच नसे, आणि अधिक खुणेचे डोके तर १९३० च्या दशकातले. अब्राहम लिंकनच्या काळातल्या कपाटात ते एक जरी सापडले तरी तुमची सगळी दुधाची भांडी वाया.

(अगदीच आळशी असाल तर तयार माल घ्या. अमेरिकन दुकानांतल्या, जुने दिसावे म्हणून लोखंडी साखळीने बडवलेल्या ‘फार्महाऊस’ टेबलाखाली वाकून पाहिले, तर बऱ्याचदा ते जोधपूरच्या वखारीतून निघालेले असते. न्यू जर्सीतली मराठी मंडळीही ते अस्सल अमेरिकन म्हणून हौसेने घरी आणतात.)

क्विल्टच्या, म्हणजे अमेरिकन गोधडीच्या, वाटेला शक्यतो जाऊ नका. हाताने शिवायला महिने लागतात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच धाग्या-कापडांतली शुभ्रता वाढवणारी रसायने त्याच अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळी पेटतात. चहात बुडवलेले कापड दोन्ही बाजूंनी सारखेच पिवळे होते, शिवणीच्या आतसुद्धा, जिथे ऊन कधी पोचलेच नसते. पण गोष्टी मात्र क्विल्टवाल्यांकडून शिका. एक चौकोन मुद्दाम चुकवलेला, कारण परिपूर्ण फक्त देव. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवणाऱ्या गुप्त खुणा. या दोन्हींना इतिहासकारांना भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि दोन्ही गोष्टी झकास विकल्या जातात.

पुराव्यासकट असलेली गोष्ट फारशी सांगण्याजोगी नसते. जॉर्जियातली हॅरिएट पॉवर्स गुलामीत जन्मली. तिने बायबलमधल्या प्रसंगांचे एक क्विल्ट शिवले. पैशांची चणचण आली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाच घेतले. ते क्विल्ट पुढे स्मिथ्सोनियनमध्ये गेले, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच संस्थेने त्याच्या प्रती चीनमध्ये शिवून विकायचा परवाना दिला. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायांनी गहजब केला. एका प्रतीची किंमत शेकडो डॉलर होती. हॅरिएटबाईंपेक्षा चांगली घासाघीस केली म्हणायची.

माल तयार झाला की मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला न्या. मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा तिथे मैदानांवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पट्टीचे व्यापारी उजाडायच्या आत विजेऱ्या घेऊन येतात. तुम्हीही अंधारातच गाडी उघडा. विजेरीच्या वर्तुळात कुठलाही कोंबडा खरा दिसतो, आणि ज्याला आपण इतरांच्या आधी पोचलो असे वाटते तो नळीत बोट घालून बघत नाही. मांडणी नीटनेटकी करू नका. कोंबडा एखाद्या खोक्यात, कुलपांच्या आणि बिजागऱ्यांच्या खाली अर्धा दडवलेला असावा. गिऱ्हाइकाला तो ‘सापडला’ पाहिजे. चिठ्ठीवर साल लिहू नका, ‘एका कोठारातून’ एवढेच लिहा. कोठार कुणाचे ते कुणी विचारत नाही. विचारलेच तर ‘मालकाला नाव उघड करायचे नाही’, आणि हे तर शंभर टक्के खरे.

पकडले गेलात तर? हातपाय गाळू नका. ऱ्होड आयलंडचा शिल्पकार आर्मांड लामोंटेन याने १९६९ मध्ये सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर खुर्चीसारखी एक खुर्ची बनवली, तिला बडवून-धुरावून म्हातारी केली आणि बाजारात सोडली. १९७० मध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती ९,००० डॉलरला घेतली आणि सन्मानाने मांडली. १९७७ मध्ये त्याने स्वतःच भांडे फोडले: भोके मुद्दाम आधुनिक ड्रिलने पाडली होती. क्ष-किरणांत तसेच दिसले. संग्रहालयाने खुर्ची फेकली नाही. बनावट वस्तू कशी ओळखावी हे शिकवायला ती ठेवून दिली. लामोंटेनने पुढे लाकडात कोरलेला बेसबॉलपटू बेब रूथ कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये उभा आहे, स्वतःच्या नावानिशी.

तेव्हा कोंबड्याच्या नळीत, आतल्या बाजूला, बारीक अक्षरात आपली सही आणि साल कोरून ठेवा. पकडले गेलात तर ती कलाकृती ठरेल. फक्त पिंपात टांगण्याआधी कोरा, नाहीतर अक्षरे लाल दिसतील.