जय जय महाराष्ट्र माझा नक्की कोणाचं? शाहीर साबळेंबद्दल एक खुलासा

दरवर्षी १ मे आला की तोच मेसेज फिरायला लागतो, 'जय जय महाराष्ट्र माझा' शाहीर साबळेंनी लिहिलं, चाल लावली आणि गायलं. गायलं त्यांनीच, आणि असं गायलं की दुसरा आवाज आपल्या कानाला पटतच नाही, पण शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचं. २०२३ ला राज्यगीत झालं तेव्हा त्यातली दोनच कडवी घेतली, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता यात शाहिरांचा काही कमीपणा नाही हो! पसरणीचा, वाईजवळचा हा पोरगा, लहानपणी बासरी वाजवायचा, पुढे अमळनेरला शिकायला गेला, तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला आणि मग गाणं लोकांसाठीच झालं. 'यमराज्यात एक रात्र' सारखी मुक्तनाट्यं, 'महाराष्ट्राची लोकधारा', हे त्यांचं स्वतःचं काम केवढं मोठं आहे, त्यावर कोणी मेसेज का नाही करत? १९९८ ला पद्मश्री मिळाली.

अजून एक गोंधळ म्हणजे केदार शिंदे त्यांचे पुतणे, असं लोक लिहितात. पुतणे नाही, नातू, मुलीचा मुलगा, म्हणून आडनाव वेगळं. आणि 'ही चाल तुरुतुरु' ची चाल शाहिरांची नाही, त्यांचा मुलगा देवदत्त साबळे यांची, शब्द शांता शेळकेंचे, गायलंय जयवंत कुलकर्णींनी. पुढे पाठवताना प्लीज ही नावं पण टाका.