बंदूक जमा करताना

निवडणुकीची आचारसंहिता लागून पोलीस थान्यातून परवान्याची बंदूक जमा करायचा निरोप आला की आधी आनंद व्यक्त करावा. लोकशाहीला खरा धोका तुमच्या आजोबांच्या बारा बोर दुनळीपासून आहे, हे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या प्रत्येक सुजाण माणसाला मान्य असलंच पाहिजे. बँकेच्या पहारेकऱ्याला सूट आहे, रायफल असोसिएशनच्या नेमबाजालाही आहे. तुम्ही यातले कोणीच नाही, तेव्हा उचला.

प्रत्येक परवानाधारकाचं प्रकरण छाननी समितीने वेगळं बघायचं असतं, सरसकट सगळ्यांच्या बंदुका मागवता येत नाहीत, हे न्यायालयांनी सांगून झालंय. थान्यातल्या कारकुनाला, म्हणजे मुंशीजींना, हे सांगू नये.

नेण्याआधी नळ्या साफ करा. गजाला चिंधी बांधून आधी कोरडी फिरवा, मग तेलाची, आणि बाहेरून तेलाचा पातळ हात द्या. कापडी खोळीत घालून मुळीच देऊ नका. खोळ ओल धरते आणि ती सावकाश लोखंडाला देते. मालखान्यात, म्हणजे थान्याच्या जप्त मालाच्या कोठारात, तुमची बंदूक जप्त मोटारसायकल आणि देशी दारूच्या पेट्या यांच्यामध्ये भिंतीला टेकून उभी राहणार आहे. तिला मखमल नको, तेल हवं. पावतीवर 'एक नग बंदूक' एवढंच लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याच्या काटकसरीचं कौतुक करा, पण बोर, कंपनीचं नाव, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय उठू नका. नंबराचा आणि दोन्ही नळ्यांचा फोटो काढून ठेवा. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता आली तर उत्तमच. भाडं पडतं, पण तिथे रॅक असतो.

निकालानंतर आठवड्याभरात परत मिळते. कोणत्या महिन्यातला आठवडा, ते विचारू नये.

परत आल्यावर बार टाकायची घाई नको. बंदूक उघडा, नळी उजेडाकडे धरा, आरपार बघा. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. तसाच बार काढला तर नळी फुगते, नाहीतर फाटते, आणि दुनळी धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिथेच असतो. बाहेरचा गंज तेल आणि बारीक पोलादी लोकर यांनी जातो. आत पडलेले खड्डे जन्मभराचे. 'अशीच होती' हे उत्तर तयार असेल, ते शांतपणे ऐका.

परवान्याचं नूतनीकरण आता 5 वर्षांनी. रोपं आणून ठेवा. 2019 मध्ये ग्वाल्हेरात परवान्यासाठी दहा झाडं लावून सेल्फी मागितली होती. पुन्हा कधी सुचेल सांगता येत नाही.

या सगळ्यावर रामबाण उपाय एकच: खाकीत भरती व्हा. शस्त्र कायदा, 1959, कलम 45. सरकारी नोकराला परवान्याच्या भानगडीतून सूट. तुम्हाला शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. खाकीला हे सारं अंगभूत येतं. किती अंगभूत? डिसेंबर 2022, उत्तर प्रदेश: वरिष्ठांच्या तपासणीत फौजदार साहेब गोळी मागून भरायची सोडून नळीच्या तोंडातून आत टाकतात. डिसेंबर 2023, अलीगढ: थान्यात मुंशीने दरोगाच्या, म्हणजे फौजदाराच्या, हातात सरकारी पिस्तूल दिलं, गोळी सुटली आणि पासपोर्टच्या कामाला आलेल्या बाईच्या डोक्यात गेली. ती वाचली नाही. पिस्तूल रिकामं करायचा क्रम दोन ओळींचा आहे हो! आधी मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये (सुटायची गोळी बसते तिथे) डोळ्यांनी बघायचं, वाटल्यास करंगळी घालून चाचपायचं. उलट केलं, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर स्लाइड पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये भरते आणि हातात मॅगझिन घेतलेला माणूस समजतो की पिस्तूल रिकामं झालं. आणि हे सारं होईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. तुमच्याआमच्या दाखल्याला जे शिकवतात, ते ज्याला रोज कमरेला लावायचंय त्याला पक्कं येऊ नये? जानेवारी 2023 मध्ये ओडिशाच्या आरोग्यमंत्र्यांना सरकारी पिस्तुलाने मारणारा सहायक फौजदार मानसिक आजारावर उपचार घेतलेला होता. तुमचा परवाना त्या कागदावर अडला असता. त्याच्या हातात पिस्तूल होतं.

पोलिसांच्या हातात काठीच द्या, असं चंबळेकाठी राहणारा कोणीही म्हणणार नाही. पण कलम 45 नीट वाचा. सूट माणसाला नाही, वर्दीलाही नाही. कर्तव्य बजावतानाच्या शस्त्राला आहे. साध्या कपड्यांत, सुटीवर, साडूच्या मुलाच्या वरातीत पिस्तूल उंचावणं हे कोणतं कर्तव्य? याच कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात 'थान्याच्या प्रमुखाचे, टीआय साहेबांचे पाहुणे सोडून' असं कुठेही छापलेलं नाही. ड्युटी संपली की शस्त्र कोतात, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रकोठारात, जमा करा, आणि काडतुसांचा हिशेब आमच्याइतकाच द्या. तोच डॉक्टरचा कागद, तोच दाखला, ठरलेल्या मुदतीने पुन्हा. जमत नसेल तर आमच्याकडूनही मागू नका.

आणि पावतीवर 'स्थिती उत्तम' असं न बघता लिहिणाऱ्याने एकदा माझ्या दुनळीच्या डाव्या नळीत डोकावून जावं. मातीचं घर अजून तसंच ठेवलंय.