रीड एकच, तीही चिरलेली
अमेरिकेत सहावीच्या बँडचा, म्हणजे शाळेच्या वाद्यवृंदाचा, नियमांचा कागद शाळा सुरू होतानाच घरी येतो. आई-बाबा सही करून मोकळे होतात. वाचतो कोण?

क्लॅरिनेटच्या माउथपीसला, म्हणजे फुंकायच्या टोकाला, वेताची पातळ पट्टी लावतात, ती रीड. क्लॅरिनेटवाल्या मुलाकडे निदान ३-४ चांगल्या रीड हव्यात, आलटूनपालटून वापरायला. नवशिक्याला २ किंवा २½ नंबरच्या (नंबर म्हणजे रीडचा कडकपणा). पण येते काय? एकच रीड, तीही टोकाला चिरलेली, आणि वर तक्रार की सूर चिरकतो! चिरकणारच. टोक अगदी पातळ असतं, स्वेटरच्या बाहीला अडकलं तरी उडतं. वाजवून झालं की रीड काढायची, पुसायची, तिच्या डबीत सपाट ठेवायची. रात्रभर माउथपीसवर ठेवली की ती वेडीवाकडी सुकते. मग नळीतून फडकं ओढायचं, नाहीतर ओल भोकांवरच्या गादीसारख्या पॅडमध्ये मुरते, पॅड फुगतात आणि भोकं नीट झाकलीच जात नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे हो हे!

जोडतानाही तीच घाई. सांध्यावरच्या कॉर्कला ग्रीस नाही म्हणून जोर लावायचा, आणि वरच्या-खालच्या भागांना जोडणारी छोटी पट्टी, ‘ब्रिज की’, वाकलीच. वरच्या भागावरची, भोकाभोवतीची कडी दाबून धरली की ही ‘ब्रिज की’ उचलली जाते, एवढंच लक्षात ठेवायचं असतं.

आणि ट्रम्पेटवाल्यांच्या बाबांना हात जोडून विनंती: अडकलेल्या माउथपीसला पक्कड लावू नका. नळी पिरगळते, सांधा निखळतो. तो काढायचं साधन बँडच्या शिक्षकांकडे असतं, वाद्य तसंच शाळेत पाठवा.