काका, तुमच्या वरच्या दोन खोल्यांविषयी

काका, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. परदेशी विद्यार्थी हे बडोद्याच्या टिकाऊ समृद्धीचा भाग आहेत, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ही मुलं आपल्या पोरांच्या जागा अडवतात, फतेगंजकडची भाडी त्यांच्यामुळे चढली, आणि चार वर्षांत ती निघून जातात, मग टिकतं काय? शेवटी लिहिलंत की वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण 'तसल्या' मुलांना देणार नाही.

जागांचं लगेच सांगतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर जागांच्या वर, वेगळ्या धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये त्यांची मर्यादा 25 टक्क्यांपर्यंत नेली. आपल्या कुणाचा प्रवेश त्यापायी हुकत नाही. भाड्यांबद्दल मात्र तुमचं खरं आहे. परदेशी पोरगा दिसला की दलाल आकडा वाढवतो आणि पुढे तोच आकडा आपल्या माणसालाही ऐकावा लागतो. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

आता टिकतं काय ते. माझ्या चुलतभावाचं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, तेलघाणे बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. टांझानियातल्या सिंगिडाचा एक मुलगा इथे मेकॅनिकल शिकायचा, घरी सूर्यफुलाची शेती. शनिवारी तो वर्कशॉपवर येऊन बसायचा. एकदा घाण्यातून पडलेल्या पेंडीचा तुकडा त्याने बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "यात तेल राहिलंय." भावाला राग आला. तरी संध्याकाळी त्याने पेंड बाहेर पडते तिथलं तोंड थोडं आवळून पाहिलं, तर पेंड पातळ आणि कोरडी पडू लागली. दोघांची गट्टी जमली ती तिथून. वहिनीला तर तो घरचाच वाटायचा. त्याच्या स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात आणि चपातीला चपातीच, याचं तिला कोण कौतुक! मुलगा परत गेला. त्याच्या गावात आता भावाकडचे दोन घाणे चालतात आणि सुट्या भागांची ऑर्डर दर वर्षी येते. तिकडे बी कच्चं विकण्याऐवजी तेल निघतं, इकडे लेथवर एक माणूस जास्त लागला. फी एकदाच आली होती, काका. हे अजून येतंय.

ही नाती आपल्याकडे फार थोडी आहेत. 2021-22 च्या सरकारी पाहणीत देशभरात परदेशी विद्यार्थी होते सुमारे 47 हजार. त्याच सुमारास, 2022 मध्ये, बाहेर शिकणारी आपली मुलं 13 लाखांच्या वर होती. तुमचा नातू कॅनडात आहे, असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. त्याला तिथे कुणीतरी खोली दिलीच ना?

आणि खोली नाकारण्याची किंमत या शहराने एकदा मोजली आहे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. 1917 मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्याला आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. मित्रांच्या दारीही आसरा मिळाला नाही. कामाटीबागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. दहा वर्षांचा करार धर्मशाळेच्या दारात संपला. शिष्यवृत्ती देणारा राजा होता, खोली देणारं शहर नव्हतं. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ बडोद्याने असा घालवला, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून तुमचा 'तसल्या' हा शब्द वाचून झोप लागली नाही.

भाडेकरूंचा त्रास तुम्ही सोसला असेल, मी तो खोटा म्हणणार नाही. रीतसर करारनामा करा, स्वयंपाकघर वेगळं ठेवा, भाडं आपल्या माणसाला लावाल तेवढंच लावा आणि दलालाला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, बरेच घरमालक त्या कटकटीलाच बिचकतात. ती मी भरून देईन. रविवारी सकाळी दहाला लॅपटॉप घेऊन येतो. सोबत एक मुलगी असेल, केनियाची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने झाले, खोली शोधते आहे.