पाय कापूलालाय बघ

गेल्या मंगळवारी एका टायरच्या दुकानात, सात-आठ माणसांच्या देखत, माझ्या उजव्या गुडघ्यावर चहाची बशी ठेवण्यात आली. भरलेली. मला त्याचा अजून राग आहे आणि तो कुणावर काढावा हे ठरत नाही, म्हणून इथं काढतोय.

गाडी थरथरत होती. निपाणी सोडून तवंदीचा घाट चढताना तिसऱ्या गिअरवर, गाडीत पाच माणसं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाळीस ते साठच्या दरम्यान गाडी ओल्या कुत्र्यासारखी अंग झाडायची. पाय काढला की गप्प. दाबला की सुरू. आता या लक्षणातच अर्धं निदान आहे. पण ते ऐकून घ्यायला समोर कोणी तरी हवं ना! टायरवाल्याकडचं पोरगं माझं पहिलं वाक्य संपायच्या आत जॅक घेऊन आलं.

"बॅलन्सिंग करू. अलाइनमेंट पण मारू की."

मी म्हटलं, अरे बाबा, चाकाचं बॅलन्स बिघडलं तर गाडी वेगावर थरथरते. ऐंशी ते शंभर-एकशेदहाच्या पट्ट्यात, पाय दाबलेला असो वा सोडलेला. चाकाला काय माहीत माझा पाय कुठं आहे ते? स्टिअरिंग हललं तर पुढचं चाक, सीट हलली तर मागचं. ब्रेक दाबल्यावर हललं तर डिस्क. आणि अलाइनमेंटचा तर थरथरीशी काही संबंधच नाही. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. दाढ दुखते म्हणून केस कापून घेण्यासारखं आहे ते. पोरगं म्हणालं, "होय सर," आणि चाक खोललं.

पोरावर अन्याय नको म्हणून सांगतो, खानापूरकडचा तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसून वाळला तर त्यानंही चाक नाचतं. बॅलन्सिंगचं शिसं पाच-पाच ग्रॅमच्या हिशेबानं लावतात आणि मूठभर चिखल शंभर ग्रॅमच्या पुढं जातो. आधी आतून पाणी मारावं, मग मशीनवर घ्यावं. माझी चाकं स्वच्छ होती. मशीननं पंधरा ग्रॅम दाखवले, पोरानं ठोकले, पैसे घेतले. गाडी फिरवून आणली. थरथर होती तशीच, फक्त पंधरा ग्रॅमनं जड.

इथं धोतरवाले बाबा आले. आले म्हणजे बाकड्यावर मघापासून होतेच. ट्रॉलीच्या ट्यूबचं पंक्चर काढायला आलेले, मांडीवर चिरमुऱ्याची पुडी, टोपी गुडघ्यावर. या गाडीशी, या टायरशी, माझ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चिरमुरे चावत त्यांनी सगळी चर्चा ऐकली होती आणि ऐकता ऐकता निकाल तयार केला होता.

"पाय काढलास की बंद होतंय म्हणालास न्हवं?"

"होय."

"पाय ठेवलास की सुरू होतंय?"

"होय, होय!" मला भरून आलं. अखेर एक जण लक्ष देऊन ऐकतोय.

"मग गाडीला काय झालं नाही गा. तुझा पाय कापूलालाय बघ." म्हणजे थरथर कापतोय.

ओळख ना पाळख, सरळ अरे-तुरे, आणि वर निदान. मी हसलो. बाबा हसले नाहीत. ते उठले, समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला (पैसे नंतर मी दिले), मला स्टुलावर बसवलं, उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर लांब करायला लावला आणि भरलेली बशी गुडघ्यावर ठेवली.

"आता हालू नको. सुम्म बस."

कुणाचाही पाय असा अधांतरी ताणून, त्यावर गरम चहा ठेवून, भोवती सात माणसं उभी केली तर काय होईल? चहा हलला. बशीच्या कडेवर एक लाट आली, फुटली आणि पँटवर उतरली.

"बघा!" बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते लोकांशी बोलत होते. "माझ्या मेव्हण्याचं असंच. जीपचा दोष म्हणून इंजिन उतरवलंनी. शेवटाला रगातात साखर निघाली."

यावर बाकीच्यांनी आपापले नातेवाईक काढले. एकानं रिकाम्या पोटी मेथ्या सांगितल्या, एकानं टिळकवाडीतला हाडांचा डॉक्टर. पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही शेजारी बसा, मी चालवून बघतो," आणि त्या आवाजात जी माया होती ना, ती मला सर्वांत जास्त झोंबली. त्यानं गाडी चालवली ती सपाट रस्त्यावर, एकट्या माझ्यासह, लोण्यावरून फिरवावी तशी. थरथर नाही. सिद्ध झालं.

साठीनंतर हे असंच चालतं. दार आपटलं की हात कापतो, फोनवर आवाज आला नाही की कान गेले, गाडी थरथरली की पाय. घरी मुलानंही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण बाबा, शुगर एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?" वस्तूंना बिघडायचा हक्कच उरलेला नाही.

रात्री मी हिशेब मांडला. माझ्या गाडीचा टायर १६५/८० आर १४. परीघ सुमारे १.९५ मीटर. साठच्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ फेरे घेतं. ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा जोर चाकाला पोचवणारा दांडा) आतल्या जॉइंटमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाला, तीन रोलर असतात आणि ते कपातल्या तीन खाचांत मागंपुढं सरकतात. एका फेऱ्याला तीन धक्के, म्हणजे सेकंदाला पंचवीसच्या वर. माणसाचा पाय सेकंदाला पंचवीस वेळा कापू लागला तर तो पाय नव्हे, शिलाई मशीन. हे बाबांना सांगायला हवं होतं. सुचतं ते नेहमी रात्री.

दुसऱ्या दिवशी बेळगावातल्या उद्यमबागेकडच्या एका गॅरेजला गेलो. ज्या गावात जगभरच्या इंजिनांसाठी क्रँकशाफ्ट घासले जातात त्या गावात बशीवर निदान व्हावं, याचं दुःख मनात होतंच. इथला मिस्त्री कमी बोलणारा. आधी त्यानं उभ्या गाडीत, न्यूट्रलवर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत नेलं. उभ्यानं थरथरली असती तर दोष इंजिनाकडं: प्लग, कॉइल, मिसिंग. (चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेलं पेट्रोल धुराच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जीव घेतं.) मग बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरवर क्लच किंचित सोडायला लावला. इंजिन इंचभर उसळलं. इंजिन ज्यावर बसतं ते खालचं फाउंडेशन रबर चिरलेलं. मग चढावर, मागं दोन पोरं बसवून, चक्कर. पाय दाबल्यावर त्यानं मान डोलावली आणि एवढंच म्हणाला, "एक्सल होगेत्री." म्हणजे एक्सल, तोच ड्राइव्ह शाफ्ट, गेलाय.

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. कापणारे नव्हते ते.

गाडी स्टँडवर घेतली तेव्हा दिसलं ते असं. डाव्या आतल्या जॉइंटच्या रबरी बुटाला, म्हणजे ग्रीस आत धरणाऱ्या आवरणाला, घडीत चीर, आणि गिअरबॉक्सच्या अंगावर काळ्या ग्रीसची गोल रेघ, पिचकारी मारल्यासारखी. ग्रीस गेलं, रोलरनी खाचांत खड्डे पाडले. जोर लावला की रोलर खड्ड्यात अडकतो, सरकत नाही, आणि शाफ्टला आडवा ढकलतो. पाय काढला की तो खाचेच्या दुसऱ्या, धड बाजूला टेकतो, म्हणून शांतता. चढाला गाडीचं नाक उचलतं, जॉइंटचा कोन वाढतो, म्हणून तमाशा घाटातच. शाफ्ट आतबाहेर सरकला तर घाबरू नये, ती त्याची रीतच आहे. वरखाली ठोका लागला तर तो गेला. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना कटकट वाजतं तो बाहेरचा जॉइंट. तो आजार वेगळा, पण पुष्कळ ठिकाणी आतल्याच्या गुन्ह्याला बाहेरचाच बदलतात.

बदलायचा तो असा. चाकाच्या मधला, हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा, आधी त्याची ठोकलेली कड छिन्नीनं उघडून. नाहीतर वर लटकत्या चाकाशी कुस्ती होते. गिअरबॉक्सचं तेल आधी काढायचं. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून हब बाहेर ओढायचा, आणि आतलं टोक टॉमीनं उचकटायचं. शाफ्टला धरून हिसका दिला तर रोलर हातात येतात आणि कप गिअरबॉक्समध्येच राहतो. नवा जॉइंट सरळ सारायचा; वाकडा गेला की दात्यांनी तेलाचं सील फाटतं, आणि महिन्याभरात अंगणात डाग. सर्कलिप (टोक जागेवर धरणारी कडी) नवी, आणि ती बसल्याचा टक् असा आवाज यायलाच हवा. ग्रीस किटमधल्या पुडीतलंच, आख्खं, अर्धं कपात आणि अर्धं बुटात. डब्यातलं साधं ग्रीस नको. क्लिप आवळण्यापूर्वी बुटाची कड पातळ स्क्रूड्रायव्हरनं उचलून हवा सोडायची, नाहीतर बूट आत ओढला जातो आणि पुन्हा फाटतो. नट नवा, टॉर्क पान्ह्यानं, बऱ्याच छोट्या गाड्यांना दोनशे न्यूटन मीटरच्या आसपास, पण नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला. शेवटी तेल लेव्हलच्या भोकातून ठिबकेपर्यंत. फाउंडेशनही त्याच दिवशी बदललं. ते लोंबतं ठेवलं तर नवा जॉइंटही वाकड्या कोनात फिरून लवकर मरतो.

गाडी आता तवंदी मुकाट चढते. जुना कप मी मिस्त्रीकडून मागून घेतला. खाचेत नख अडकावं असे तीन खड्डे आहेत. पिशवीत बांधून डिकीत ठेवलाय, बाबांना दाखवायला. दोनदा त्या दुकानावरून गेलो. पहिल्यांदा बाबा नव्हते. दुसऱ्यांदा पोरानं लांबूनच ओळखलं आणि भर रस्त्यात ओरडलं, "सर, पाय कसा आहे?"

पिशवी उघडून दाखवायला उतरणार होतो. पण मागून बसनं हॉर्न मारला, आणि घाईत क्लच सुटून गाडी एक हिसका खाऊन बंद पडली. पोरानं बाकड्यावरच्या माणसांकडं बघून मान हलवली.