शेवटी 'तो-ते-तात' आलं की सिंपल प्रेझेंट? अजिबात नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सिंपल प्रेझेंट 2 मिनिटांत शिका म्हणून. त्यात चार नियम दिलेत: मराठी वाक्याच्या शेवटी तो, ते, तात आलं की सिंपल प्रेझेंट, हा काळ म्हणजे आत्ता चाललेली क्रिया, ही-शी-इट आलं की क्रियापदाला एस लावून टाका, आणि उद्याच्या गोष्टीला हा काळ कधीच चालत नाही. मी इंग्रजी शिकवते, हेच नियम पाठ करून आलेल्या मुलांच्या वह्या रोज तपासते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिला नियम सगळ्यात घातक. दारात उभं राहून आपण "चला, येतो मी" म्हणतो तेव्हा आपण निघालेलो असतो, त्याचं "आय कम" कसं होईल? तिथे "आय ॲम लीव्हिंग" पाहिजे. "रात्री फोन करतो" हा शब्द दिलाय, म्हणजे "आय विल कॉल यू टुनाइट". "मी 10 वर्षांपासून इथे राहतो" यात ठसठशीत 'तो' आहे, पण "आय लिव्ह हिअर सिन्स 10 इयर्स" साफ चूक, "आय हॅव लिव्ड हिअर फॉर 10 इयर्स" म्हणायचं. आणि उलटंही होतं, ते तर कोणी सांगतच नाही! "भूक लागली", "समजलं मला" ही मराठीत भूतकाळाची रूपं, इंग्रजीत मात्र "आय ॲम हंग्री", "आय अंडरस्टँड", सरळ वर्तमान. "मला माहितीये" मध्ये तो नाही ते नाही, तरी "आय नो" च.

आता आत्ता चाललेली क्रिया. माझ्या एका विद्यार्थिनीला इंटरव्ह्यूत "व्हॉट डू यू डू?" विचारलं आणि तिने "आय ॲम सिटिंग हिअर" असं उत्तर दिलं. बिचारीचा काय दोष, तिला तसंच शिकवलं होतं. प्रश्न होता तुम्ही काम काय करता. सवयी, रोजचं काम, नेहमी खरं असणारं (सूर्य पूर्वेला उगवतो, द सन राइझेस इन दी ईस्ट) यासाठी हा काळ आहे. आत्ताच्या क्षणासाठी तो येतो, पण ठराविक ठिकाणीच: नो, वॉन्ट, बिलीव्ह अशी क्रियापदं, "आय प्रॉमिस" सारखी वाक्यं जिथे बोलणं हीच क्रिया असते, आणि मॅचची कॉमेंटरी, "ही शूट्स, ही स्कोअर्स".

एसचा नियम अर्धा खरा आहे. पण हा एस अनेकवचनाचा नाही हे सांगत नाहीत, मग मुलं "दे गोज" लिहितात. जातो-जाते-जातात मधल्या शेवटांसारखाच हा एक प्रत्यय आहे, फक्त आपल्यासारखं लिंग तो बघत नाही. आधी इथे एथ लागायचं, 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये "ही गोएथ" असंच सापडतं, एस उत्तर इंग्लंडच्या बोलीतून वर आला. कॅन, मस्टला तो लागतच नाही. आणि डज आला की एस डजकडे गेला, म्हणून "डज ही नो?", "ही डझन्ट नो". वहीत निम्म्या वेळा "डझन्ट नोज" असतं, दोन्हीकडे एस.

चौथा नियम तर सरळ खोटा. टाइमटेबलने ठरलेल्या गोष्टीला हाच काळ चालतो, "द ट्रेन लीव्हज ॲट 6 टुमॉरो". आणि याहून महत्त्वाचं, मराठीत आपण "तो येईल तेव्हा सांगेन" म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून मुलं हमखास "व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम" लिहितात. बरोबर वाक्य "व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम". पाऊस पडला तर, "इफ इट रेन्स", तिथेही विल नको. नुसता प्रश्न विचारायचा असेल, तो कधी येईल, तर मात्र "व्हेन विल ही कम?" बरोबर आहे, तिथला विल काढू नका.