ऑफसेट नेमका कुठल्या बाजूला?

रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये १५० मिलिमीटरचा ऑफसेट देऊन, म्हणजे आखलेल्या रेषेपासून तेवढं अंतर सोडून, भिंत ओढली की ती हमखास नको त्याच बाजूला जाऊन बसते. का, तर म्हणे डावीकडून ओढली की एक बाजू, उजवीकडून ओढली की दुसरी! मग बाजू पलटायला दाबा स्पेसबार. त्यात लोकेशन लाइन, म्हणजे भिंतीची जागा जिच्यावरून ठरते ती रेषा, मध्यावर राहिली असेल तर अंतर मोजलं जाणार भिंतीच्या पोटातून; आपल्याला हवं असतं फिनिशपासून, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून.

आणि बेस ऑफसेटचं, म्हणजे भिंतीचा तळ मजल्याच्या लेव्हलपासून किती वर-खाली त्या आकड्याचं, तर बोलायलाच नको. कुणीतरी गुपचूप उणे ३०० टाकून ठेवतं. प्लॅनमध्ये सगळं आलबेल. सेक्शन (उभा छेद) काढला की भिंत स्लॅब फोडून खाली लोंबतेय! अरे, लेव्हलच बदलायला काय हात मोडतात? वर क्लॅश रिपोर्ट, म्हणजे मॉडेलमध्ये काय कशात घुसलंय त्याची यादी, आला की हेच लोक विचारणार, ‘हे कुणी केलं?’